पाचवे शील आणि पोलीस कोठडी



आपल्या वस्त्यांत एक शब्द चांगलाच रुळला आहे : गर्दुल्ला. तो काही फार जुना नाही. १९८० नंतरच्या वर्षांत मुंबईत 'गर्द' म्हणजे ब्राऊन शुगर पसरली आणि ती ओढणाऱ्याला लोकांनी हे नाव ठेवले. एकदा नाव ठेवले की माणूस निकालात निघतो, हे आपल्याला दुसऱ्या कोणी सांगायला नको. आपल्या आजा-पणजांनाही अशीच नावे चिकटवून गावकुसाबाहेर बसवले होते. गर्दुल्ला म्हटले की तो कोणाचा मुलगा, काय काम करीत होता, नशेला कसा लागला हे विचारायचे कारण उरत नाही. "आत टाका त्याला" एवढेच उरते.

या "आत टाका" विषयी मला आपल्याशी बोलायचे आहे. नशा वाईट, याबद्दल आपल्यात दुमत नाही. विहारात आपण पाचवे शील घेतो ते उगाच नाही. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. जो नशा करतो त्याला तुरुंगात घालणे हे त्या शीलाचे रक्षण आहे, की शीलाच्या मूळ कल्पनेलाच तो धक्का आहे?

शील घेताना आपण काय म्हणतो ते नीट आठवा. मी शाळेत मराठी शिकवतो. आज्ञार्थ कशाला म्हणतात ते मुलांच्या डोक्यात उतरवता उतरवता नाकी नऊ येतात. पंचशीलात आज्ञार्थ एकदाही येत नाही. 'समादियामि' हे क्रियापद प्रथम पुरुषी, एकवचनी आहे. मी ग्रहण करतो. भन्ते पुढे म्हणतात, आपण मागून म्हणतो, पण शील घेणारा 'मी' असतो. दुसऱ्याने माझ्या मानेवर बसून ते घ्यायला लावले तर ते शील राहत नाही, ती सक्ती होते. सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी तरुण सिगालाला दारूचे तोटे सांगितले : पैसा जातो, भांडणे होतात, रोग जडतात, लौकिक जातो, लाज उरत नाही, बुद्धी मंदावते. सहाच्या सहा कारणे या जगातली, ज्याची त्याने पडताळून पाहावी अशी. सातवे कारण म्हणून राजाच्या शिपायाचा धाक त्यांनी घातलेला नाही.

विनयपिटकात सागत नावाच्या भिक्खूची हकीकत आहे. त्याने अंबतित्थ येथे एका भयंकर नागाला जेरीस आणले होते. कोसंबीच्या उपासकांना त्याचे एवढे कौतुक वाटले की घरोघर त्याला मद्य देण्यात आले, आणि गावातून बाहेर पडता पडता हा थोर भिक्खू वेशीच्या दारात कोसळला. भगवंत भिक्खूंसह त्याच वाटेने निघाले होते. त्यांनी काय केले? त्याला उचलून आरामात नेण्यास सांगितले. भिक्खूंनी त्याला भगवंतांकडे डोके करून निजवले, तर तो शुद्धीत नसल्याने कुशीवर वळला आणि त्याने भगवंतांकडेच पाय पसरले. तेव्हा भगवंतांनी भिक्खूंना विचारले : ज्याने नागाशी झुंज घेतली तो आज पाण्यातल्या सापाशी तरी झुंज घेऊ शकेल काय? यानंतर मद्यपान न करण्याचा नियम झाला. तो मोडणे म्हणजे पाचित्तिय, ज्याचे परिमार्जन दुसऱ्या भिक्खूपुढे कबुली देऊन होते. संघातून हाकलून देण्याचे चार अपराध वेगळे आहेत. मद्यपान त्यांत नाही. आधी माणूस उचलून घरी आणला, नियम मागाहून केला, हा क्रम माझ्या मनातून जात नाही.

आता आपल्या देशाचा कायदा पाहू. इंग्रजांच्या काळात माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात असे आणि तिच्या पैशावर शहरात हवेल्या उठल्या. तेव्हा अफू हा गुन्हा नव्हता, महसूल होता. १८९३-९४ साली सरकारने भांग, गांजा, चरस यांची चौकशी करायला आयोग नेमला. त्याने सरसकट बंदी करू नये असाच निष्कर्ष काढला. ते असो. स्वतंत्र भारताच्या संसदेने १९८५ साली अंमली पदार्थांचा कायदा केला. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला एनडीपीएस म्हणतात.

हा कायदा विकणारा आणि ओढणारा दोघांनाही गुन्हेगार धरतो. आज नुसत्या सेवनाला, पदार्थ हेरॉइन किंवा कोकेन असेल तर एक वर्षापर्यंत आणि गांजा-चरस असेल तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. इतर गुन्ह्यांत आरोपीला निर्दोष धरून सुरुवात होते. इथे माल जवळ सापडला की मनात अपराधी हेतू होता असे न्यायालयाने गृहीत धरायचे आणि तसा तो नव्हता हे आरोपीने सिद्ध करायचे. माल 'व्यापारी प्रमाणात' असेल तर, हा दोषी नसावा असे मानायला न्यायाधीशाला सबळ कारण दिसल्याखेरीज जामीन नाही. १९८९ साली तर काही गुन्हे दुसऱ्यांदा केल्यास फाशी सक्तीची केली होती. न्यायाधीशाला दुसरी शिक्षा देण्याची मुभाच नव्हती. मुंबई उच्च न्यायालयाने २०११ साली ती सक्ती घटनाबाह्य ठरवली आणि २०१४ साली संसदेने कायदा बदलला.

२००१ च्या दुरुस्तीने वजनाप्रमाणे शिक्षेच्या पायऱ्या केल्या. हेरॉइन ५ ग्रॅमपर्यंत असेल तर अल्प प्रमाण, २५० ग्रॅमपासून पुढे व्यापारी प्रमाण. ऐकायला हे न्याय्य वाटते. परंतु २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की पुडीत जे काही मिसळले असेल त्यासकट सगळे वजन धरायचे. रस्त्यावरच्या गर्दच्या पुडीत निम्मीशिम्मी भुकटीच असते. समजा, दहा ग्रॅमच्या पुडीत हेरॉइन एकच ग्रॅम आहे. तरी कायद्याच्या तराजूत ते दहा ग्रॅम भरणार, अल्प प्रमाणाची रेघ ओलांडणार आणि शिक्षा दहा वर्षांपर्यंत जाऊ शकणार. श्रीमंताच्या पार्टीत येणारा माल चोख असतो, फलाटावर झोपणाऱ्याला मिळतो तो भेसळीचा. म्हणजे माणूस जितका गरीब तितकी त्याची भेसळ जास्त, आणि भेसळ जितकी जास्त तितका त्याचा गुन्हा मोठा!

आणखी एक मौज पहा. गांजा आणि भांग एकाच झाडाची. शेंड्याचा फुलोरा तो गांजा, त्याला तुरुंग. नुसते पान ती भांग, तिला या कायद्याने वगळले आहे. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारानेही गांजाच्या व्याख्येतून पाने वगळली होती. उत्तरेत कित्येक ठिकाणी भांगेची सरकारमान्य दुकाने आहेत. होळीला आणि शिवरात्रीला ती घोटणाऱ्यांवर माझा राग नाही. मी एवढेच विचारतो की, एका झाडाच्या दोन भागांमधली ही रेघ आरोग्याने आखली, की समाजात कोणाची नशा प्रतिष्ठित आहे याने आखली?

मग या कायद्यात सापडतो कोण? विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी या संस्थेने मुंबईच्या न्यायालयांतील २०१७ आणि २०१८ च्या खटल्यांचा अभ्यास केला. बहुतेक सारे खटले सेवनाचे, त्यांतले बहुतेक गांजाचे, आणि शिक्षा झालेले लोक रोजंदारीवर राबणारे, झोपडपट्टीत किंवा फुटपाथवर राहणारे. ते गुन्हा कबूल करून मोकळे होतात. का होणार नाहीत? तारखेला हजर राहायचे तर दिवसाची मजुरी बुडते, वकिलाला द्यायला पैसा नाही. दंड भरला की सुटका. परंतु ती सुटका नसते, ती शिक्षा असते, आणि ती नावापुढे लिहिली जाते. पुढे कधी सरकारी नोकरीची यादी लागली, चारित्र्य पडताळणीचा कागद पोलीस ठाण्यात गेला, की तो जुना दंड वर येतो. आपल्या घरात पहिल्यांदा नोकरीचा कागद येतो तेव्हा काय होते ते मला ठाऊक आहे, म्हणून हे जास्त लागते.

दारूबंदीचीही तीच गत. बिहारमध्ये एप्रिल २०१६ पासून कडक बंदी आली. त्या कायद्याखाली पिण्याबद्दल पहिली शिक्षा २०१७ साली जहानाबादच्या न्यायालयात झाली, ती मजुरी करणाऱ्या दोन दलित भावांना : पाच वर्षे कैद आणि एक लाख रुपये दंड. एक लाख! पुढे न्यायालये जामिनाच्या अर्जांनी तुंबली आणि २०१८ व २०२२ साली सरकारला तो कायदा सौम्य करावा लागला. आपल्या राज्यात १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याखाली सुखवस्तू माणसाला प्रकृतीच्या कारणाने परवाना मिळे. वस्तीत मात्र हातभट्टी आली, आणि हातभट्टीबरोबर हप्ता आला. बंदी पुढे ढिली झाली, हातभट्टी गेली नाही. २०१५ साली मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसे मेली, त्यांत बहुतेक हातावर पोट असलेली होती.

इथवरचे आपल्यापैकी अनेकांना अनुभवाने ठाऊक असेल. पण या कायद्याने ज्यांनी आयुष्यात कधी नशा केली नाही अशांवरही आघात केला. आता सांगतो ते मला स्वतःला वाचीपर्यंत माहीत नव्हते.

कर्करोगाच्या शेवटच्या अवस्थेतली वेदना ज्याने घरात पाहिली आहे त्याला तिचे वर्णन नको. त्या वेदनेवर मॉर्फिन हे औषध आहे. ते महाग नाही. ते अफूपासून होते आणि औषधासाठी कायदेशीर अफू पिकवणाऱ्या मोजक्या देशांत आपला देश आहे. मध्य प्रदेशात नीमच-मंदसौर, राजस्थानात चित्तोडगड-प्रतापगड येथे शेतकरी सरकारी परवान्याने खसखशीचे पीक काढतात. नीमचला आणि गाझीपूरला सरकारचे अफूचे कारखाने आहेत. इथली अफू परदेशी जाते आणि तिथल्या रुग्णाची वेदना शमवते. आणि आपला रुग्ण? १९८५ च्या कायद्यानंतर रुग्णालयाला मॉर्फिन ठेवायचे तर राज्याराज्यांत निरनिराळे, एकावर एक परवाने लागू लागले. कागदात चूक झाली तर दहा वर्षांची कैद डोक्यावर. डॉक्टरांनी आणि औषधविक्रेत्यांनी हात आखडते घेतले. बारा वर्षांत देशातला मॉर्फिनचा औषधी वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घसरला. डॉक्टरांची एक पिढी हे औषध हाताळायलाच शिकली नाही. केरळमधील वेदनाशामक सेवेच्या कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षे खटपट केली तेव्हा २०१४ च्या दुरुस्तीत अत्यावश्यक औषधांसाठी परवान्याची सोपी पद्धत आली. तीसएक वर्षे गेली. त्या तीस वर्षांत किती बाया-माणसे गोधडी दातांत धरून मेली असतील, याची नोंद कोणत्या पोलीस ठाण्यात आहे? त्यांनी कोणता गुन्हा केला होता?

नशेची भीती इतकी अंगात भिनली की करुणेचेही हात बांधले गेले. आणि ही गोष्ट आपल्याच देशात घडते असे नाही. ज्या देशात बहुसंख्य लोक बौद्ध आहेत तिथेही घडली आहे.

थायलंडमध्ये फेब्रुवारी २००३ मध्ये पंतप्रधान थाकसिन शिनावात्रा यांनी अंमली पदार्थांविरुद्ध 'युद्ध' पुकारले. गावोगाव संशयितांच्या याद्या झाल्या. तीन महिन्यांत अडीच हजारांवर माणसे मारली गेली. नंतर नेमलेल्या चौकशी समितीला त्यांतल्या सुमारे निम्म्या लोकांचा या पदार्थांशी काही संबंध आढळला नाही. पाचव्या शीलाच्या नावाने पहिल्या शीलाचा असा मुडदा पाडला गेला, आणि पुष्कळ लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्याच देशात, सराबुरी प्रांतात, थाम क्राबोक नावाचा विहार आहे. १९५९ पासून तिथले भिक्खू नशेत अडकलेल्यांवर उपचार करतात. आलेल्या माणसाला प्रथम प्रतिज्ञा घ्यावी लागते. तिला ते 'सच्च' म्हणतात, आपल्या पालीतलाच शब्द. मग पहिले काही दिवस झाडपाल्याचे कडू औषध पाजून ओकाऱ्या काढतात, वाफारा देतात. पाहायला हे सुखाचे नाही. वैद्यकशास्त्राने ते कितपत मान्य करावे हा डॉक्टरांचा विषय आहे. मला महत्त्व वाटते ते एवढ्याचे की, दारात आलेल्याला तिथे 'तू कोण' असे विचारत नाहीत, 'तू काय ठरवतोस' असे विचारतात. या कामासाठी तिथले प्रमुख भिक्खू चामरून यांना १९७५ चा रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. एका देशाने दोन वाटा अशा समोरासमोर दाखवल्या आहेत.

कोणी म्हणेल, हे भिक्खूंचे झाले, आम्हाला बाबासाहेबांचे सांगा. तर सांगतो. १९५१ सालच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या निवडणूक जाहीरनाम्यात दारूबंदीला कडक शब्दांत विरोध केलेला आहे. सरकारचा महसूल बुडतो, आणि चोरटी दारू घराघरात गाळली जाऊन बायका-पोरांपर्यंत पोचते, ही त्यातली कारणे. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्याच बाबासाहेबांनी लाखो लोकांना जी बावीस प्रतिज्ञांची शिदोरी दिली, तीत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. यात विसंगती शोधणारे शोधोत. मला तर यात विसंगती दिसत नाही. जे काम फौजदाराकडून होणार नाही असे त्यांनी ओळखले होते, ते त्यांनी माणसाच्या तोंडच्या शब्दावर सोपवले.

'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्यांनी समाजापुढच्या तीन वाटा सांगितल्या आहेत. धम्म नको म्हटले तर अराजक. नुसते पोलीस हवेत म्हटले तर हुकूमशाही. तिसरी वाट धम्माची, आणि धम्म जिथे पाळला जाणार नाही तिथे दंडाधिकारी. लक्षात घ्या, दंडाधिकारी त्यांनी रद्द केलेला नाही. कोणी मला म्हणेल की मग नशा करणाऱ्यालाही दंडाधिकारी हवा. माझा प्रश्न आहे की त्याच्या आधीची पायरी आपण बांधली काय? केंद्र सरकारच्या २०१९ च्या पाहणीनुसार बेकायदा पदार्थांच्या आहारी गेलेल्या वीस माणसांमागे एकालाच रुग्णालयात राहून उपचार मिळाले आहेत. उरलेल्यांपैकी पुष्कळांपर्यंत कोणीच पोचले नाही, आणि जो पहिला पोचला तो शिपाई होता. याला धम्म अधिक दंडाधिकारी म्हणता येणार नाही.

आता सर्वांत अवघड आक्षेप. तो घरातल्या बाईचा आहे. माझ्या वर्गातल्या एका मुलाची आई मागे मला म्हणाली, "सर, याच्या थोरल्या भावाला धरून न्या म्हणा कोणाला तरी. रात्री दार वाजलं की अंगाला कापरं सुटतं." तिला मी मानवी हक्कांवर व्याख्यान द्यायचे काय? तिचे भांडे-कुंडे विकले गेले होते, हातावर वळ होते. तिचे म्हणणे शंभर टक्के खरे आहे : तिला संरक्षण हवे. मुलगा मारत असेल, चोरत असेल तर त्यासाठी कायदे आहेत आणि ते वापरलेच पाहिजेत. पण तो पुढे पकडला गेला तो आईला मारले म्हणून नव्हे, खिशात पुडी सापडली म्हणून. आठ महिने कच्च्या कैदेत राहिला. आईने कानातले गहाण टाकून वकील दिला. सुटून आला तेव्हा नशा सुटली नव्हती. नशेचा माल कुठे मिळतो याची माहिती मात्र वाढली होती. दार पुन्हा वाजू लागले.

आपल्या बायांना हे अंतर कळते, आपल्याला कळत नाही. राज्यात गावोगावी बायांनी 'आडव्या बाटली'ला मते देऊन दारूची दुकाने बंद पाडली. त्या मतदानात कोणा पिणाऱ्याला तुरुंगात टाका असे नसते. दुकान उठवा, असे असते. धंदा करणारा, पोरांच्या हातात पुडी देणारा, हप्ता खाणारा यांच्यावर कायद्याचा बडगा पडलाच पाहिजे. त्यांच्या बाजूने मी एक शब्दही बोलणार नाही. पोर्तुगालने जुलै २००१ पासून हेच केले : विकणे गुन्हा ठेवला आणि दहा दिवस पुरेल एवढा माल स्वतःसाठी बाळगणे हा फौजदारी गुन्हा राहू दिला नाही. असा माणूस तिथे तिघांच्या एका मंडळापुढे जातो, न्यायालयापुढे नाही. देश नशेत बुडेल असे तेव्हा पुष्कळांनी भाकीत केले होते. तसे झाले नाही; सुयांवाटे पसरणारी एड्सची लागण मात्र खूप घटली. सर्व काही आलबेल आहे असे तिथलेही लोक म्हणत नाहीत. उपचारांवरचा पैसा आटला की तक्रारी वाढतात.

आपल्याकडेही उपचाराची वाट कोणी दाखवलीच नाही असे नाही. पुण्यात डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली, पु. ल. देशपांडे यांच्या देणगीच्या आधाराने, मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. ते आजही चालू आहे.

माझ्या शाळेच्या मागच्या भिंतीला काही मुले पंक्चरचे सोल्युशन फडक्यावर ओतून हुंगतात. हा पदार्थ अंमली पदार्थांच्या कायद्याच्या यादीत नाही. वर सांगितलेल्या २०१९ च्या पाहणीत एकच नशा अशी निघाली की जी मोठ्यांपेक्षा लहान मुलांत जास्त आहे, आणि ती हीच. सगळा धाक, सगळी कलमे असून सर्वांत धाकट्याची नशा कायद्याला दिसलीच नाही. ती त्याच्या बाईंना दिसते, शेजारणीला दिसते, सायकल दुरुस्तीच्या दुकानदाराला दिसते. दुकानदाराने नळी द्यायची बंद केली तर काय फरक पडतो ते मी पाहिले आहे. पोरे चिडली, एकाने दगडही मारला. पण दोघे पुन्हा वर्गात बसू लागले.

आणि मोठ्यांसाठी याच कायद्यात एक कलम आहे, ६४अ. अल्प प्रमाणाच्या किंवा सेवनाच्या प्रकरणात सापडलेला व्यसनी माणूस आपणहून सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात उपचार घेईल, तर त्याच्यावरील खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडला तर ही सवलत जाऊ शकते. २००१ च्या दुरुस्तीने या कलमाला आजचे रूप आले, आणि आपल्या वस्तीतल्या किती जणांनी ते ऐकले आहे? ज्याला धरून नेले त्याच्या घरचे लोक रात्री ठाण्याच्या बाहेर बसलेले असतात. त्यांना हे कलम माहीत नसते, केंद्राचा पत्ता माहीत नसतो, अर्ज कोणी लिहायचा हेही माहीत नसते. आपल्या विहारांच्या समित्यांत आता पदवीधर आहेत, वकील आहेत, परिचारिका आहेत, माझ्यासारखे मास्तर तर ढिगाने आहेत. अर्ज एका पानाचा होतो.